सगळ्यात भारी धनुष्य

प्रभाकररावांनी काळी पेटी दिवाणावर ठेवली आणि ती उघडण्याआधी जेवायला आलेल्या पाहुण्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"नागपूरच्या दुकानात याच्यावरचं कोणतंच नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यात भारी आहे ते काढ."

आत कम्पाउंड धनुष्य होतं. लालभडक. दोन्ही टोकांना चाकं आणि पात्यावर सोनेरी अक्षरांत त्यांच्या संत्र्याच्या फर्मचं नाव. त्यांचे भागीदार पुंडलिकराव मोबाइल काढून फोटो घेऊ लागले.

"घे, गायत्री. तुह्यासाठीच आहे."

गायत्री दोन वर्षं पांढुर्ण्याच्या मैदानावर क्लबच्या जुन्या धनुष्यानं सराव करत होती. तिनं नवं धनुष्य एका हातात धरलं, मग दुसऱ्या हातात. दोरीला हातही न लावता ते पेटीत परत ठेवलं.

"मी कोणतं सांगितलं होतं, बाबा?"

"ते सस्तं? जिल्ह्याकडून खेळशीन तू. लोकं काय म्हणतीन, प्रभाकरच्या पोरीच्या हातात असला माल?"

"ते डावखुऱ्याचं होतं. हे उजव्याचं आहे. मले याच्यानं एक बाण मारता येत नाही."

पुंडलिकरावांनी मोबाइल खाली घेतला.

"डावखुरी?" प्रभाकरराव बायकोकडे वळले. "ही? अजून?"

"एकोणीस वर्षं झाली," प्रतिभाताई म्हणाल्या.

"दुकानातून एक फोन करायचा होता!" गायत्रीचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलं तुम्हाले, डाव्या हाताचं, डाव्या हाताचं. तुम्ही फक्त किंमत ऐकली."

"आता त्याच्यावर नाव टाकलं, ते परत घेत नाहीत. उजव्या हातानं शिक. त्यात काय आहे? जेवाले नाही शिकली?"

"हातावर पट्टी मारून शिकवलं तुम्ही."

"मग? जमलंच ना!"

पुंडलिकराव हसले. "पोरीच्या नाकावर राग आहे. चला, जेवून घेऊ."

पाटवडीचा रस्सा वाढून झाला. गायत्री मुद्दाम वडिलांच्या समोर बसली आणि तिनं डाव्या हातानं पोळी तोडली.

"गायत्री. हात."

तिनं घास रश्शात बुडवला, तोंडात टाकला आणि त्यांच्याकडे पाहत चावत राहिली. दुसरा घासही त्याच हातानं घेतला. आता कोणी हसत नव्हतं.

"पाहुण्यांसमोर काय करून राहिली तू!" प्रभाकरराव ओरडले.

प्रतिभाताई वाढता वाढता थांबल्या. वाकल्या, आणि मुलीच्या उजवीकडची रश्शाची वाटी उचलून त्यांनी डावीकडे ठेवली.