बंद कव्हरातली रेकॉर्ड

आमच्या पंक बँडचा पहिला अल्बम काल शिवाजी पेठेत निघाला, रंगीत विनाइल रेकॉर्डवर. 'जातीला लाथ' हे त्यातलं मुख्य गाणं. निम्म्या रेकॉर्ड निळ्या, निम्म्या भगव्या काढल्या आणि कव्हर मुद्दाम बंद ठेवलं. ज्याला जी मिळेल ती त्याची; आम्ही बँडवाल्यांनीही तशीच एकेक घेतली.

लोक स्टॉलवरच कव्हर फाडून रंग बघायला लागले. "पावणं, ही निळी न्हाय चालायची, बदलून द्या." कुणाला भगवी नको होती. गाणं कसलं आहे, हे एकानंही विचारलं नाही. मला शिसारी आली. मी स्टॉल आवरायला घेतला.

तेवढ्यात ते गाणं लिहिणारा आमचा अमरसिंह हातात रेकॉर्ड घेऊन आला.



"संघर्ष, तुला भगवी आलीया न्हवं? ती मला दे आन् ही निळी घे की. तुमच्यात हीच चालती."