तापाला उतार

दसऱ्याला माझ्या वडिलांनी, आबांनी, दुकानातल्या कॉम्प्युटरला मायेनं हळदकुंकू वाहिलं. ते आतल्या पंख्यात गेलं आणि तेव्हापासून कॉम्प्युटर तापायला लागला. इंदापुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. आबांनी घरातून हाकलल्यापासून थोरला भाऊ युवराज सोबतीला असतो.

आज दुपारी पडद्यावर तापमानाचा आकडा होता एकशे चार. तेवढ्यात गावाकडून आईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"आबास्नी ताप हाय गं. एकशे चार."

मी झाकण काढून ब्रशनं हळद झाडली. आकडा एकशे एकवर आला.

"एकशे एक झाला बघ," आई म्हणाली.

मी घाईनं पंख्यात अडकलेली झेंडूची पाकळी ओढून काढली. अठ्ठ्याण्णव.

"घाम आला गं. चा मागत्यात."

युवराज खुर्ची ओढून पडद्यासमोर येऊन बसला.

मोकळा झालेला पंखा आता जोरात फिरत होता. शहाण्णव. त्र्याण्णव.

"रेश्मा, अंग गार पडाय लागलंय यांचं."

पंखा थांबावा म्हणून मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढं केला. युवराजनं माझं मनगट धरलं. लहानपणी मी विहिरीत पडताना त्यानं मला असंच घट्ट धरलं होतं.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "अजून उतरू दे."