वन्संना पाण्यावर नेताना

“चपला गाडीतच काढून ठेव. रबराचा स्पर्श घेऊन मी काय करू?” निर्मलावन्संनी पुण्याहून निघतानाच बजावलं होतं.

म्हणून शैलजा खडकवासल्याच्या काठची पायवाट अनवाणी चालत होती. तिच्या पायांतली नवी जोडवी माती-गवताचा प्रत्येक स्पर्श घरी पलंगावर पडलेल्या नणंदेच्या मेंदूपर्यंत पोहोचवत होती. अपघातानंतर वन्संचे पाय कायमचे बधिर झाले होते. आज त्यांना पाण्यात उभं करीन, असा शैलजाने शब्द दिला होता.

“अगंबाई, दव! थांब की जरा,” वन्सं कानातल्या फोनवर म्हणाल्या. “बस चुकल्यासारखी काय पळतेस?”

शैलजा हसली आणि तेवढ्यात बाभळीचा काटा तिच्या टाचेत रुतला. दोघी एकदमच कळवळल्या.

“वन्सं, पुढे सगळी बाभूळच आहे. तुम्हाला फार दुखेल. जोडवी काढते, पाण्याशी गेले की पुन्हा घालते.”

“सवाष्ण ना तू? भर वाटेत जोडवी कसली काढतेस!” वन्संचा आवाज रडवेला झाला होता, पण त्यात हसू होतं. “अगं, टाच दुखली माझी. माझी टाच! इतक्या वर्षांनी काहीतरी दुखलं, तेही काढून घेतेस होय? तुला सोसवत नसेल तर मात्र परत फिर.”

“मला सोसवतंय.”

“मग मलाही.”

शैलजाने काटा उपसला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पदर खोचला आणि बाभळींमधून पाण्याच्या दिशेने सावकाश चालू लागली.