कॅसेटवरचा महिपत

नंदाने पिशवीतून टीव्ही गेमची पिवळी कॅसेट काढली आणि सूरजच्या टेबलावर ठेवली. "हळदीच्या बॅनरला ह्योच फोटो लाव."

सूरजचं मानपाड्याला फ्लेक्सचं दुकान. त्याने कॅसेट उजेडाकडे धरली. लेबलवर कुठल्याशा परदेशी गेमचा योद्धा होता. हातात तलवार, उघड्या छातीवर काडतुसांचा पट्टा, मागे जळतं हेलिकॉप्टर. मानेच्या वर मात्र तेल लावून चापून बसवलेले केस आणि बारीक मिशी.

"काकी, हे काका?"

"मुंडकं तेवढं त्यांचं."

सूरजला हसू आवरलं नाही. नंदाही हसली. तिचा नवरा महिपत ज्या गाळ्यात कामाला होता तिथे नकली कॅसेटी बनत, लेबलांची चित्रं परदेशी खोक्यांवरून उचललेली असत. एकदा शेठ घाबरला. चेहरा बदलला की चोरी राहत नाही, असं त्याचं म्हणणं. चेहरा हाताशी होता तो लेबलं चिकटवणाऱ्या महिपतचा. पुढच्याच वर्षी, मुलगी समीक्षा रांगत असताना, महिपत गेला. घरातले फोटो नंतर पुरात गेले. ही कॅसेट परवा पुतण्याच्या माळ्यावर मिळाली.

समीक्षाची हळद रविवारी होती. बॅनरवर सगळ्यांच्या वर 'स्वर्गीय' लिहून बापाचा फोटो लागतो. दीर म्हणाले होते, फोटो नाही तर समई छापू. नंदाने ऐकलं नव्हतं.

सूरजने लेबल स्कॅन करून चेहरा वेगळा काढला. खाली कोट लावला. नंदा नको म्हणाली, तेव्हा पांढरा सदरा लावला.

"काकी, राग नका मानू, पण काका चोवीस-पंचवीसचे दिसतात. नवरदेवापेक्षा लहान. लोक विचारतील, नवरीचा भाऊ गेला का?"

हे नंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वय वाढवून देतो ना. आता कॉम्प्युटरवर होतं तसं. काका असते तर कितीचे?"

"पन्नास."

सूरज माऊस हळूहळू सरकवू लागला. तिशीला महिपतचे गाल भरले. नंदाने स्टूल पुढे ओढलं.

"सावकाश ने, बाला."

चाळिशीला कपाळ मोठं झालं. मग कानांपाशी पांढरं आलं, डोळ्यांखाली सूज आली. पन्नासला नाकाच्या दोन्ही बाजूंनी खोल रेघा उतरल्या आणि ओठ घट्ट मिटले.

नंदा झटक्यात उठून उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला.

"काय झालं काकी?"

"ह्ये तं आमचे सासरे."

सूरजने स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे बरोबर आलेत. बापावर गेले असते. छापू?"

नंदाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मागं ने."

केस काळे होत गेले, रेघा पुसल्या गेल्या. चोविशीला सूरज थांबला. नंदाने पदर खाली घेतला आणि परत स्टुलावर बसली.

"हाच छाप. कोणी विचारलं तं सांगीन, बापच हाय. एवढंच जगले."