बंद दाराआडचं स्पॅनिश

स्पेनमधल्या सालामांकाला शिकायला आलेली डॅनिश सिग्ने रेमेदियोसबाईंकडे राहायची. खोलीत कुणाला आणायचं नाही, ही बाईंची अट. तरी रोज दुपारी तिच्या बंद दाराआडून बोलणं ऐकू यायचं. आली तेव्हा धड मीठही मागता न येणारी पोरगी एवढं स्पॅनिश बोलते कुणाशी? नक्कीच कुणीतरी येत असणार. आज बाईंनी दाराला कान लावला. "उशीर का झाला? मसूर निवले बघ," आतला आवाज करवादला. मग मऊ झाला. "नको गं येऊस एवढ्या लांब. मी मजेत आहे." बाईंनी दार ढकललं. सिग्ने एकटीच होती. "तुमचंच बोलणं गिरवतेय," ती ओशाळून म्हणाली. "शेवटचं तुम्ही लेकीला फोनवर सांगता ते. तेव्हा तुमचा आवाज कापतो. उच्चारच तसा आहे का?" बाईंनी लेकीला फोन लावला. "येतेस का गं?"