फटफट्यांची पारख

"लाथ मारल्याबिगर उठत न्हाय व्हय ही?" रावजीने विचारलं.

मांडव्याच्या बंदराला लागून ओहोटीची ओली वाळू होती आणि तिच्यावर दोन फटफट्या उभ्या होत्या. एक तांबडी, एक काळी. दोन्ही विलायती, दोन्ही शर्यतीच्या, सकाळच्या मचव्यातून मुंबईहून आलेल्या. पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी संध्याकाळी परत पाठवायची.

"लाथ नव्हे, किक म्हणतात," विश्वंभर म्हणाला. भर उन्हात त्याने चामड्याचे हातमोजे घातले होते. आधी रावजीला वाटलं, विश्वंभरभाऊंच्या बोटांना काही झालंय. "बाबा, या गुराख्याला यातलं काय कळणार?"

मार्तंडपंतांनी मुलाकडे पाहिलंही नाही. चाळीस वर्षांत रावजीचा हात फिरल्याशिवाय त्यांच्या गोठ्यात एकही जनावर बांधलं गेलं नव्हतं. रावजीच्या खुद्द मेव्हण्याचा बैल विकायला आला, तेव्हासुद्धा त्याने चारचौघांत बैलाच्या मागच्या पायातली खोट बोलून दाखवली होती.

"रावजी, बरी असेल ती सांग," पंत म्हणाले. "पण आधीच सांगून ठेवतो. एका घरात दोन शौक मला झेपायचे नाहीत. फटफटी आली, की शर्यतीची जोडी विकायची."

शर्यतीची जोडी म्हणजे मोरा आणि कवड्या. दोघांना वासरं असल्यापासून रावजीने आपल्या हाताने कोंडा भरवला होता. तो नुसतं "व्हय" म्हणाला, कमरेचा पंचा आवळला आणि काळीकडे वळला.

पोट मोठं, पाठ रुंद, गादी ऐसपैस. फटफट्यांबरोबर आलेल्या दुकानाच्या मेहत्याने ती सुरू केली, तशी ती भाताच्या गिरणीसारखी धपधपायला लागली. रावजीने टाकीवर तळवा ठेवला. आतली धडधड संथ होती, एकसारखी.

"साडेचार घोड्यांची ताकद आहे हिच्यात," मेहता म्हणाला.

"साडेचार घोडं? आन् लीद कुठं हाय?" रावजी खाली वाकला. वाळूवर तेलाचे दोनतीन काळे थेंब पडले होते. "ही काय, हाय की."

पलीकडे मासळी वाळत घालणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या.

तांबडीची गोष्ट वेगळी होती. कंबर बारीक, मान पुढे झुकलेली, टाकी निमुळती. उभी असूनही पळत असल्यासारखी दिसत होती. सुरू झाली तेव्हा तिचं सगळं अंग थरथरलं. शर्यतीचा ढोल ऐकून मोरा असाच थरथरत असे. रावजीचा तळवा तिच्यावर जरा जास्तच वेळ राहिला, आणि ते ध्यानात येताच त्याने तो पंचाला पुसला.

मग विश्वंभरने त्याला मागे बसवून दोन्ही फिरवून आणल्या. काळीवरून जाताना भाऊ बायकांकडे बघून हात हलवत होते. तांबडीवर मात्र भाऊंची कोपरं लाकडासारखी ताठली. खडकापाशी वळताना तिने जरा उसळी घेतली, तर भाऊंनी दोन्ही पाय वाळूत रोवले आणि "आई गं!" म्हणून ओरडले. ते एकट्या रावजीने ऐकलं. परत येताना तांबडी चालत्या माणसाच्या वेगाने आली.

"मुद्दामच हळू आणली," विश्वंभरने उतरता उतरता सांगितलं. "म्हातारा घाबरत होता."

"बोल रावजी," पंत म्हणाले.

रावजीने दोन्हींकडे एकदा पाहिलं. दोन्हींत खोट आहे एवढं म्हटलं, की मोरा आणि कवड्या गोठ्यातच राहणार होते. पण हात ठेवून पारखलेल्याबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. हे लोखंड आहे, जनावर नव्हे, अशी पळवाट काढायला त्याचं मन घेईना.

"दोनी चांगल्या हायत, पंत. खोट कशात न्हाय."

"बघा!" विश्वंभर ओरडला.

"तांबडी जातिवंत हाय. पर मानी हाय. भाऊंचा हात भितो, आन् तिला ते कळतं. ती भाऊंना पाडंल." रावजीने काळीच्या गादीवर थाप मारली. "तुमी ही घ्या. लई गरीब हाय. कुणालाबी वाहील. आंधळ्याला, पांगळ्याला, बाळंतिणीला. भाऊंनाबी वाहील."

"मंग आमच्या म्हातारीला बसवा रं तिच्यावर!" मासळीपाशी बसलेली सगुणा ओरडली. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मेहता समुद्राकडे बघू लागला.

विश्वंभरचे कान लाल झाले. "ही असली म्हातारीची गाडी मी घेणार नाही! मला तांबडीच हवी."

"तांबडी नाही. पाडील म्हणतो ना तो."

"तो काय ज्योतिषी लागून गेलाय?"

"अजून चुकलेला नाही."

"मग मला काहीच नको!" विश्वंभरने हातमोजे काढून वाळूत फेकले.

"नको तर नको," पंत म्हणाले. त्यांनी छत्री उघडली आणि घराची वाट धरली. थोड्या वेळाने विश्वंभरही हातमोजे उचलून त्यांच्यामागून निघाला.

संध्याकाळी मचवा धक्क्याला लागला. काळीला तिघांनी ढकलत फळीवरून वर चढवलं. तांबडीला रावजीने एकट्याने नेलं, हँडलला धरून, हळूहळू.

"दोन्ही चांगल्या म्हणालास," मेहता कुरकुरला, "आणि एकही खपू दिली नाहीस."

रावजीने पंचाच्या टोकाने तिच्या टाकीवरची वाळू पुसली.

"हिला बऱ्या घरी द्या, मेहता," तो म्हणाला आणि फळीवरून खाली उतरला.