मोगऱ्याचं पाणी

काशीराम मोगऱ्याची उरलीसुरली पानं खुडत होता, तेव्हा उत्तराबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. अंगावर शाल होती. होळी होऊन गेली तरी अंधेरीतली थंडी त्या वर्षी हलायचं नाव घेत नव्हती. बंगल्यापुढे चाळीस मोगरे, चाळीसही खराट्यासारखे उभे.

अक्षय्य तृतीयेला बाईंच्या नलिनीचं लग्न होतं. वेण्या, गजरे, मांडवाच्या माळा, सगळं घरच्या मोगऱ्याचं, असं बाईंनी गोरेगावच्या व्याह्यांना सांगून ठेवलं होतं. माळ्याला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती.

मोगऱ्याला आधी तहानलेला ठेवायचा, पानं काढायची आणि ऊन तापलं की पाणी सोडायचं; मग कळी धरते. दर वर्षी काशीराम शिवरात्रीला पाणी सोडायचा. यंदा ऋतूच मागे पडला, म्हणून तोही थांबला होता. पाडव्याला पाणी दिलं की बरोबर लग्नाला बाग पांढरी होणार, हे त्याने बोटांवर मोजून ठेवलं होतं.

बाईंना ते पटेना. शेजारची बाग हिरवीगार, आणि आपल्याकडे काटक्या. आजच्या आज, माझ्यासमोर पाणी घाल, असं त्यांनी फर्मावलं.

"बाईनू, आता पाणी दिलां तर नुसतो पालो येतलो," काशीराम म्हणाला. "कळी येवची नाय."

"मग उद्या खोली रिकामी कर."

खोली म्हणजे बंगल्यामागची पत्र्याची. तिथे त्याची बायको मालन लकवा होऊन वर्षभर पडून होती. गावचं घर भावांनी कधीच गिळलं होतं. काशीरामने झारी उचलली. प्रत्येक बुंध्याशी पाणी ओतताना त्याला रडू येत होतं, पण चाळीसपैकी एकही त्याने सोडला नाही.

आठ दिवसांत पालवी फुटली. बाई खूश झाल्या. मालनला त्यांनी जुनं लुगडं दिलं, आणि चार बायकांना बाग दाखवताना, नोकरांच्या डोक्यावर बसावं लागतं हो, असंही सांगितलं. काशीराम रोज सकाळी पानं बाजूला सारून बघायचा. पानांमागे पानंच होती.

लग्नाला फुलं दादरहून विकत आणावी लागली. विहीणबाई बागेत एक फेरी मारून आल्या आणि पदराआड हसल्या. उत्तराबाईंनी ते पाहिलं.

मांडव उतरला त्या दुपारी त्यांनी काशीरामला बोलावलं. मालनला घेऊन दिवे लागायच्या आत चालता हो म्हणाल्या. काशीरामने हात जोडले. बाईंनी सांगितलं म्हणूनच पाणी घातलं, एवढंच तो कसंबसं बोलला.

"मला झाडांतलं काय कळतं?" बाई म्हणाल्या. "ते कळायला तर तुला ठेवला होता."